ई-मेल पोचला म्हणजे निरोप पोचला का? तराळकीपासून ई-पोस्टपर्यंत

"तुम्हाला मेल केला होता." कॉलेजात, बँकेत, सरकारी कार्यालयात हे वाक्य उच्चारले की समोरच्याचे बोलणे संपते. मेल केला म्हणजे कळवले आणि कळवले म्हणजे जबाबदारी संपली, असा हिशोब त्यामागे असतो. कायद्याचा कलही बराचसा याच बाजूला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम १३ सांगते की, तुम्ही एखादा ई-मेल पत्ता दिला असेल आणि वेगळे काही ठरले नसेल, तर निरोप त्या संगणक व्यवस्थेत शिरला त्या क्षणी तो तुम्हाला मिळाला असे धरायचे. तुम्ही तो उघडला का, तुम्हाला तो वाचता आला का, त्या दिवशी मोबाईलला रिचार्ज होता का, हे कायदा तिथे विचारत नाही.

पण संगणकापासून माणसापर्यंतचे अंतर शिल्लक राहतेच. ते कापण्यासाठी काही सेवा निघाल्या. ई-मेल कागदावर छापून घरी देणारी, ई-मेलमधला मजकूर एसएमएसने मोबाईलवर टाकणारी, एसएमएसने विचारलेला प्रश्न संगणकापर्यंत नेणारी. या लेखात अशा सेवांना मी 'जोडसेवा' म्हणणार आहे. दोन वेगळ्या व्यवस्था जिथे एकमेकींना भिडतात, तिथे त्या उभ्या असतात.

या जोडसेवा हा तंत्रज्ञानाचा नवा विषय आहे असे मानले जाते. माझे म्हणणे असे की हा विषय फार जुना आहे आणि तो जातीचा विषय आहे. एका व्यवस्थेतला निरोप दुसऱ्या व्यवस्थेत नेण्याचे काम आपल्या गावगाड्यात शेकडो वर्षे माणसांकडून फुकट करून घेतले गेले. ती माणसे आपले पूर्वज होते.

सांधा म्हणजे महार

गावगाड्यात महाराची जी कामे वतनाने ठरलेली होती, त्यांची यादी पाहा. वेशीवर राखण करणे, मेलेली ढोरे ओढणे, हद्दीच्या खुणा सांगणे ही कामे सगळ्यांना आठवतात. त्याच यादीत निरोपाची कामे किती होती याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना मयताचा सांगावा देणे. पाटील-कुलकर्ण्यांचे कागद तालुक्याला पोचवणे. सरकारी भरणा घेऊन जाणाऱ्याबरोबर चालणे. चावडीवर माणसे बोलावून आणणे. गावात येणाऱ्या अंमलदाराची पुढे जाऊन वर्दी देणे. आपल्या भागात या कामाला येसकरकी, तराळकी म्हणत.

म्हणजे सरकारची लिखापढी तालुक्यापर्यंत आणि गावाचे बोलणे चावडीपर्यंत. या दोन्हींना जोडणारा सांधा महार होता. विरोधाभास बघा. ज्याच्या स्पर्शाने विटाळ होतो, त्याच्याच हातून सरकारी कागद आणि सोयऱ्यांची दुःखाची बातमी जात होती. कागद त्याने न्यायचा, पण वाचायचा नाही, कारण त्याला अक्षर शिकू दिलेले नाही. निरोप त्याने सांगायचा, पण ओट्याखाली उभे राहून.

या कामाला वेळ नव्हती. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे. घरचा कर्ता पुरुष हजर नसेल तर बापाने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी जायचे. मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन, गावाकडून मिळणारे बलुते आणि नाममात्र रोकड. मुंबई सरकारच्या १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्याने ही रचना ब्रिटिश कायद्याच्या चौकटीतही पक्की केली.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याच कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यामागचे मुद्दे आजही वाचण्यासारखे आहेत. महाराने नेमकी कोणती कामे करायची ते ठरवा. बलुत्याऐवजी रोख मोबदल्याची सोय करा. ज्याला वतन सोडायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या आणि या चाकरीतून मोकळे करा. सरकारने विरोध केला आणि विधेयक पुढे गेले नाही. पण मागणीचा गाभा स्पष्ट होता. निरोप नेणे हे काम असेल तर त्याला वेळ, मजुरी आणि नकार देण्याचा अधिकार हवा.

१९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगावच्या बौद्धांनी गावकीची कामे नाकारली. मयताचा सांगावा न नेणे हा त्या नकाराचाच भाग होता, आणि त्याची किंमत अनेक ठिकाणी बहिष्काराने मोजावी लागली. पुढे कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा १९५८ चा कायदा आला आणि वतनाचा कायदेशीर पाया गेला.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचे शंकरराव खरात यांच्या आत्मकथेचे नावच 'तराळ-अंतराळ' आहे. वडिलांच्या वाट्याला तराळकी आली, मुलगा 'प्रबुद्ध भारत'चा संपादक झाला आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू. दुसऱ्याचा निरोप पायी नेणाऱ्याचा मुलगा स्वतःचे म्हणणे छापू लागला. आपल्या चळवळीने केलेला हा बदल आहे.

मसूर स्टेशन, १९०१

निरोप न पोचण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. याचे सर्वात ठळक उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यातले आहे आणि ते बाबासाहेबांच्या बालपणातले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी स्वतः ते नोंदवले आहे.

साल साधारण १९०१. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तिथे तलावाचे खोदकाम चालू होते. मुले साताऱ्याला राहत. सुट्टीत वडिलांकडे जायचे ठरले, पत्र पाठवले, नवे कपडे झाले आणि भीमराव, त्यांचे भाऊ व भाचे रेल्वेने मसूरला उतरले. वडील कोणाला तरी घ्यायला पाठवतील अशी खात्री होती. कोणीच आले नाही.

पुढचा प्रसंग वाचकांना माहीत आहे. स्टेशन मास्तरने चौकशी केली, मुलांनी आपण महार असल्याचे सांगितले आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले दुप्पट भाडे देऊनही तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही, म्हणून रात्र उपाशी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुले गोरेगावला पोचली, तेव्हा वडिलांना आश्चर्य वाटले, कारण मुले येणार हे त्यांना ठाऊकच नव्हते.

या प्रसंगावर आपण अस्पृश्यतेच्या अंगाने खूप बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात एक बारकावा आहे. पत्र हरवले नव्हते. टपालखात्याने आपले काम केले होते. पत्र गोरेगावला पोचले, वडिलांच्या नोकराच्या हाती पडले, आणि त्याने ते वडिलांना दिलेच नाही. व्यवस्थेच्या दृष्टीने निरोप 'मिळालेला' होता. माणसाला तो मिळाला नव्हता.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच दिवशी, त्याच मसूर स्टेशनवर सवर्ण घरातली चार मुले उतरली असती आणि त्यांचेही पत्र असेच अडकले असते, तर काय झाले असते? स्टेशन मास्तरने त्यांना बसवून घेतले असते, पाणी दिले असते, गाडी ठरवून दिली असती. तास-दोन तासांचा उशीर, एवढीच किंमत. ज्याच्या बाजूने समाज उभा असतो, त्याचा एखादा निरोप हुकला तरी चालून जाते. ज्याच्या बाजूने कोणी नाही, त्याला निरोप वेळेवर मिळणे हाच आधार असतो. म्हणून 'एखादा मेल राहिला तर काय बिघडले' हा प्रश्न विचारणारा कोण आहे, हे आधी पाहावे लागते.

पगारी हात

वतनाची तराळकी आणि टपालखात्याचा पोस्टमन, दोघेही निरोप नेतात. फरक असा की पोस्टमनला पगार आहे, गणवेश आहे, आणि तो जबाबदार आहे. जुन्या रजिस्टर पत्रावर पोचपावती असे. पत्र देता आले नाही तर 'घर बंद', 'पत्ता अपुरा', 'घेण्यास नकार' असा शेरा लिहून ते परत येई. १८९७ च्या सर्वसाधारण कलम अधिनियमाचे कलम २७ रजिस्टर टपालाने नीट पाठवलेले पत्र पोचले असे गृहीत धरते, पण 'विरुद्ध सिद्ध झाले नाही तर' अशी अट घालून. त्या शेऱ्याचा आणि पोचपावतीचा उपयोग तिथे होई. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले.

तारेचेही तसेच. तारेचा संदेश विजेच्या वेगाने तालुक्याच्या तार ऑफिसात येई, पण तिथून वाडीपर्यंत तो माणसाच्या पायाने जाई. तार आली की बायका आधी रडायला लागत, कारण तार म्हणजे मयत असे समीकरण होते. येसकराच्या पायातला सांगावा सरकारी शिपायाच्या हातात गेला होता. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळीचे लेख आले. त्या सेवेत शेवटच्या टप्प्याला सरकार स्वतः माणूस पाठवत होते, ही गोष्ट मात्र थोड्यांनीच लिहिली.

टपालखाते निर्दोष होते असे मी म्हणत नाही. वाडीवस्तीची पत्रे शाळेत किंवा दुकानात ठेवून जाण्याची सवय सर्वांना माहीत आहे. पोस्टकार्ड कोणीही वाचावे असे उघडे. अक्षरओळख नसलेल्या आईला मुलाचे मुंबईचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, म्हणजे घरातले बोलणे परक्याच्या कानावर जाई. पण तक्रार कोणाकडे करायची हे तरी ठरलेले होते.

ई-पोस्ट: ई-मेलचा कागद

ई-मेल आल्यावर भारतीय टपालखात्याने २००४ साली 'ई-पोस्ट' ही सेवा सुरू केली. कल्पना साधी होती. पाठवणाऱ्याने संगणकावरून मजकूर पाठवायचा. ज्याला पाठवायचा त्याच्या जवळच्या केंद्रात तो छापला जाणार, पाकिटात जाणार आणि पोस्टमन तो घरी नेऊन देणार. घेणाऱ्याकडे संगणक, ई-मेल, वीज, काहीही असण्याची गरज नाही. ए-फोर आकाराच्या एका पानाला १० रुपये. ज्याच्याकडे संगणक नाही त्यालाही टपाल कार्यालयात जाऊन संदेश पाठवता येई.

सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही कल्पना मला महत्त्वाची वाटते. तिने अंतर कापण्याचे ओझे पाठवणाऱ्यावर आणि सरकारवर टाकले, घेणाऱ्यावर नाही. आज नेमके उलटे आहे. आज वस्तीतल्या माणसाने स्मार्टफोन घ्यायचा, रिचार्ज मारायचा, ई-मेल काढायचा, पासवर्ड लक्षात ठेवायचा आणि रोज बघत बसायचे.

ई-पोस्टच्या मर्यादाही होत्या. मजकूर छापणारा कर्मचारी तो पाहू शकत होता. आणि दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालये असलेल्या देशात, ज्यांतली बहुसंख्य खेड्यांत आहेत, ही सेवा लोकांच्या रोजच्या वापरात रुजली नाही. पण आपल्यासाठी मुद्दा असा की सरकारला हे जमते. तंत्र होते, पोस्टमन होता, पाकीट होते. शिष्यवृत्ती, घरकुल, जमीन, पेन्शन यांची कळवणी या मार्गाने करण्याचे ठरवता आले असते.

वारणाकाठचा एसएमएस

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. वारणा नदी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या मधून वाहते. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संस्था, राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांनी मिळून या दोन जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. शेतकऱ्याला शेतीची, बाजारभावाची, सरकारी योजनांची माहिती मिळेल अशी घोषणा होती. प्रत्यक्षात या केंद्रांचा मुख्य वापर कारखान्याच्या उसाच्या हिशोबासाठी झाला. किती टन ऊस गेला, खत किती उचलले, तोडणीची पाळी कधी.

मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिन्यांचा एक प्रयोग केला. गावातल्या संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणला. एसएमएसने प्रश्न पाठवायचा, मध्यवर्ती संगणकाला जोडलेला फोन तो घेणार, संगणक उत्तर काढणार आणि एसएमएसनेच परत पाठवणार. जुन्या पद्धतीपेक्षा हे स्वस्त ठरले आणि शेतकऱ्यांना जास्त आवडले. वीज गेली, संगणक बंद पडला, इंटरनेट नाही, ही कारणे संपली. जोडसेवा म्हणून हा प्रयोग उत्तम होता हे मान्य केलेच पाहिजे.

पण हा सांधा कोणाला कोणाशी जोडत होता? प्रश्न विचारायला ऊस लागतो, उसाला जमीन लागते, आणि हिशोब कारखान्याच्या नोंदवहीत असावा लागतो. ज्याची नोंदच नाही त्याने एसएमएस पाठवून विचारायचे काय? तोच ऊस तोडणारा मजूर, बीडकडून कोयता घेऊन येणारी बाई, गावातला भूमिहीन बौद्ध किंवा मातंग यांच्या मजुरीचा, उचलीचा हिशोब त्या यंत्रणेच्या प्रश्नांत नव्हता. ज्या वारणेच्या खोऱ्यात अण्णा भाऊ साठे जन्मले, तिथल्या भूमिहीनाचा निरोप संगणकापर्यंत जाण्याची वाटच आखलेली नव्हती. तंत्र कितीही स्वस्त झाले तरी ते नोंदवहीत नाव असलेल्यालाच उत्तर देते. म्हणून नोंदवहीत कोण आहे, हा तंत्राच्या आधीचा प्रश्न आहे.

आपण बांधलेला पूल

आपला समाज हा नुसता घेणारा नाही. 'मूकनायक' १९२० साली निघाला तेव्हा बहुतेकांना वाचता येत नव्हते. वस्तीत एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. पुढे जलशांनी तेच विचार गाण्यातून नेले. छापील शब्द बोलीत आणण्याची ही आपली स्वतःची जोडसेवा होती.

विदर्भातल्या भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीचे हत्याकांड घडले. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारले गेले. मोठ्या माध्यमांनी सुरुवातीला त्याला त्याच्या खऱ्या स्वरूपात जागा दिली नाही. तेव्हा ही बातमी ई-मेल, ब्लॉग, एसएमएस आणि झेरॉक्स पत्रके अशा मिळेल त्या मार्गाने फिरली. संगणकावर आलेला मजकूर कागदावर उतरला, कागदावरचा मजकूर सभेत बोलला गेला आणि लोक रस्त्यावर आले. तिथे कोणी कोणाला फुकट राबवत नव्हते. निरोप नेणारा आणि ज्याचा निरोप तो, एकच समाज होता. तराळकीत आणि यात फरक हाच.

'आता सगळ्यांकडे मोबाईल आहे'

इथे दोन आक्षेप येतात. पहिला असा की ई-मेलला जात कळत नाही, मधला माणूसच नाही तर विटाळ कोणाचा? यात तथ्य आहे. ई-मेलने आपल्या मुलांना गावच्या चावडीला वळसा घालून थेट विद्यापीठाशी, परदेशी शिष्यवृत्तीशी बोलता आले. हा फायदा मी नाकारत नाही. पण मधला माणूस गेलेला नाही, तो बदलला आहे. मी सातारा-सांगली भागात सामाजिक काम करते. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी झेरॉक्सच्या दुकानात किंवा नेट कॅफेत मुलीचा ई-मेल काढला जातो, पासवर्ड दुकानदाराच्या वहीत राहतो, मोबाईल नंबर कधी चुलत्याचा असतो. त्रुटीचा मेल त्या पत्त्यावर येतो, मुदत संपते, आणि मग कार्यालयात ते वाक्य ऐकावे लागते: मेल केला होता. रामजी सुभेदारांच्या नोकराच्या हातात अडकलेले ते पत्र आज दुकानदाराच्या वहीत अडकते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येकाला कागद पाठवणे परवडणार नाही म्हणतात. पण हा खर्च नाहीसा झालेला नाही, तो वस्तीवर ढकलला आहे. दर अर्जामागे दुकानदाराला दिलेले पैसे, बुडालेला रोज, तालुक्याच्या फेऱ्या. त्यातच आशा आणि अंगणवाडी ताई व्हॉट्सअॅप गटातले सरकारी संदेश दारोदार सांगत फिरतात. अपुऱ्या मानधनावर, वेळेचे बंधन नसलेले निरोप्याचे काम. वतनाच्या यादीशी हे ताडून पाहावे.

न्यायालयांनी ही रेषा काही ठिकाणी ओढली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावण्याची सोय केली. तरी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात स्पष्ट केले की आरोपीला पोलिसांसमोर हजर राहण्याची कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअॅपसारख्या मार्गाने देऊन चालणार नाही. स्वातंत्र्य जाणार असेल तर नोटीस माणसाच्या हातात पडली पाहिजे, हा त्याचा अर्थ. शिष्यवृत्ती जाऊन शिक्षण सुटणे, घरकुल रद्द होणे, पेन्शन थांबणे यानेही आयुष्य बदलते. मग तिथे वेगळा न्याय का?

म्हणून मागण्या सरळ आहेत. ज्या निर्णयाने कोणाचा हक्क जातो किंवा मुदत सुरू होते, तो निर्णय ई-मेलबरोबर कागदावरही, मराठीत, सरकारी खर्चाने घरी पोचला पाहिजे. मुदत मेल सुटल्या दिवसापासून न मोजता कागद हाती पडल्या दिवसापासून मोजावी. उत्तर देण्याचा मार्गही दोन्ही बाजूंनी खुला असावा, म्हणजे टपाल कार्यालयात हाताने लिहून दिलेले उत्तर कार्यालयाच्या ई-मेलवर जावे. आणि हे काम करणाऱ्या प्रत्येक हाताला, मग तो ग्रामीण डाकसेवक असो की आशाताई, पूर्ण मोबदला मिळावा.

आपल्या आजोबा-पणजोबांनी बहिष्कार सोसून दुसऱ्यांचे सांगावे नेणे नाकारले. आपला निरोप आपल्या हातात पडावा, ही मागणी त्याच लढ्याचा पुढचा भाग आहे. येत्या ग्रामसभेत आपल्या गावापुरता हा ठराव मांडा. ठरावाची प्रत कागदावर द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.

जय भीम! जय भारत!